देवाचं आडनाव

डेल्मर टॅकेट मंगळवारी गेला आणि त्याला शनिवारी पुरायचं ठरलं. एरवी प्रुएट काउंटीत माणूस मेला की शेजारपाजारच्या बाया भाजलेल्या बटाट्यांची भांडी घेऊन येतात, दोन दिवस रडणं-खाणं चालतं आणि तिसऱ्या दिवशी खड्डा खणला जातो. लोरीनला, म्हणजे डेल्मरच्या बहिणीला, रडायलासुद्धा सवड मिळाली नाही. कारण खड्डा जिथे खणायचा त्या टेकडीच्या पायथ्याशी गेल्या हिवाळ्यात एक लोखंडी फाटक उभं राहिलं होतं, आणि त्याची किल्ली विन्थ्रॉप नावाच्या माणसाकडे होती.

कोळसा कंपनीनं डोंगर आतून पोखरून खाल्ला आणि उरलेलं टरफल या विन्थ्रॉपला विकलं. त्याला तिथे सुटीत येणाऱ्या शहरी लोकांसाठी लाकडी घरं बांधायची होती. माणूस गोड बोलणारा. असली माणसं फाटक लावतात तेसुद्धा माफी मागत.

“तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, मॅडम,” तो म्हणाला. “पण माझ्या नकाशात तिथे दफनभूमी नाही.”

“नकाशात नसेल. डोंगरावर आहे. माझी आई आहे तिथे.”

“मग तसा कागदही असेल. काउंटीतल्या सगळ्या नोंदी सार्वजनिक असतात. तुम्ही कागद आणा, मी स्वतः फाटक उघडतो.”

डेल्मरनं आयुष्यात बहिणीकडे काही मागितलं नव्हतं. खाणीतल्या धुळीनं फुप्फुसं भरली, बोलताना धाप लागायची, तेव्हा मात्र त्यानं तिचा हात धरून एकच सांगितलं होतं. “मला त्या हायवेकडेच्या नव्या दफनभूमीत टाकू नकोस गं. ट्रक जातात रात्रभर. आईजवळ ने.” लोरीननं हो म्हटलं होतं. आता ते हो तिच्या छातीवर दगड होऊन बसलं होतं.

आधी तिनं फोनवर शोधून पाहिलं. ‘काउंटीच्या सार्वजनिक नोंदी, मोफत, एका क्षणात’ असं लिहिलेल्या वेबसाइटवर तिनं टॅकेट नाव टाकलं. एक चक्र बराच वेळ फिरलं. मग लाल अक्षरं आली : ‘धक्कादायक माहिती हाती लागली आहे, मन घट्ट करा.’ लोरीननं मन घट्ट केलं. माहिती अशी होती की डेल्मर टॅकेट जिवंत आहे, फ्लोरिडात राहतो आणि त्याची संभाव्य पत्नी लोरीन टॅकेट आहे. पुढचं वाचायचं असेल तर कार्डाचा नंबर द्या. लोरीननं दोन लग्नं केली होती, दोन्ही मोडली होती आणि दोन्ही वेळा आपलं आडनाव परत घेतलं होतं. पण हे तिसरं लग्न तिला आजच कळत होतं. तिनं फोन पर्समध्ये कोंबला आणि कोर्टहाउस गाठलं.

कोर्टहाउसच्या दारावर काउंटी क्लार्क ट्वायला प्रेटर हिचं नाव भल्या मोठ्या अक्षरांत होतं. क्लार्क म्हणजे इथे कारकून नव्हे. मतं मागून निवडून आलेली बाई. गाड्यांच्या नंबरपट्ट्या, लग्नाचे परवाने, जमिनींचे दस्त, सगळं तिच्या हाताखालून जातं, आणि दर चार वर्षांनी ती प्रत्येक चर्चच्या जेवणावळीत केक घेऊन हजर असते. हे त्यातलंच वर्ष होतं. लोरीन आणि ती शाळेत एका बाकावर बसत.

“अगं बाई, लोरीन! डेल्मरचं ऐकलं. फार वाईट झालं गं,” ट्वायला म्हणाली. “केक पाठवते.”

“केक राहू दे. टेकडीवरच्या आमच्या दफनभूमीचा कागद हवाय.”

“मग शोध की. नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत.”

“कुठे?”

“ते मी सांगू शकत नाही. मी शोधून दिलं तर तो कायद्याचा सल्ला होतो.”

“कपाट कुठलं हे सांगणं म्हणजे सल्ला?”

“वर्षाप्रमाणे लावलंय. वर्ष माहीत आहे?”

“नाही.”

“मग अवघड आहे,” ट्वायला आपुलकीनं म्हणाली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला नंबरपट्टी देऊ लागली.

दस्तखोलीत छातीएवढ्या उंचीच्या फळ्यांवर मण-मणभराचे ग्रंथ आडवे पडले होते. वर्ष ठाऊक नसलं तर शोधायचे रस्ते दोनच : लिहून देणाऱ्याच्या नावानं किंवा लिहून घेणाऱ्याच्या नावानं. देणारा सोपा होता. लोरीनच्या पणजोबांनी, हायरम टॅकेटांनी, कंपनीला डोंगर विकताना वरची जागा वगळली होती असं घरात सगळे सांगत. पण देणाऱ्यांच्या सूचीतला ‘ट’चा ग्रंथ उघडला तर आतून लगदा. वरच्या मजल्यावरचा नळ फुटला तेव्हा पाणी नेमकं त्यावर पडलं होतं. काउंटीनं तो लगदा नीट वाळवून, पाठीवर नवं लेबल चिकटवून पुन्हा जागेवर ठेवला होता, म्हणजे नोंद जपली नाही असं कुणी म्हणायला नको.

उरले घेणारे. कुणी घेतली असेल ती जागा? लोरीननं टॅकेट पाहिले. दफनभूमी या नावाखाली पाहिलं. मग काउंटीतली सगळी चर्चं एकेक करून पाहिली. चर्चांच्या जमिनी कुणाकुणाच्या नावावर आहेत हे वाचताना तिच्या भुवया दोनतीनदा वर गेल्या, पण तिची जागा कुठेच नव्हती. संध्याकाळी ट्वायलानं दिवे घालवले. लोरीन घरी गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि त्याच फळीला टेकून उभी राहिली. आता तिला खरोखर रडू येत होतं. मेलेला भाऊ अंत्यविधीगृहाच्या शीतकपाटात आणि आपण इथे अनोळखी लोकांची खरेदीखतं वाचतोय, याचा तिला संताप आला.

रडता रडता तिला आई आठवली. आई म्हणायची, “ती जागा कुणाच्या बापाची नाही. तुझ्या पणजोबांनी ती देवाला दिलीय.” घरात सगळे तसंच म्हणत. लोरीनला वाटायचं, म्हणण्याची पद्धत आहे. माणूस गेला की देवाघरी गेला म्हणतात, तसं. पण हायरम पणजोबा बोलाचा भात जेवणारा माणूस नव्हता. त्याचा मुलांवर विश्वास नव्हता, कारण ती दारू पीत. धर्मोपदेशकांवर नव्हता, कारण ते पीत नसल्याचं सांगत. न्यायाधीशावर तर नव्हताच. मग असा माणूस जागा कुणाच्या नावावर करेल?

लोरीननं नाक पुसलं आणि ‘ग’ काढला. गॉड कुठेच नव्हता. गॉडसी आडनावाचं मोठं खटलं होतं, त्यांनी निम्मी खोरी विकत घेतली होती, पण गॉड नाही. ‘ल’मध्ये लॉर्ड सापडला, तो घोड्यांचा व्यापारी निघाला. इथेच घोडं पेंड खात होतं. तिनं सूचीवरून पुन्हा नजर फिरवली. गॉडसी, जेम्स. लॉर्ड, विली. तीसुद्धा इथे असती तर टॅकेट, लोरीन अशी असती. आडनाव आधी, नाव नंतर. मग देवाचं आडनाव काय?

पणजोबांची जेवणाआधीची प्रार्थना घरात पाठ होती. तिची सुरुवात ‘गॉड ऑलमायटी’ अशी. सर्वशक्तिमान परमेश्वरा. लोरीननं ‘ऑ’चा ग्रंथ ओढला. ऑलन घराण्याच्या खाली, कुणा जुन्या इमानी कारकुनाच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं : ‘ऑलमायटी, गॉड. घेणार. दफनभूमी आणि तिथवर जाणारी गाडीवाट.’

ती इतक्या मोठ्यानं हसली की ट्वायला धावत आली.

दस्तात सगळं होतं. चतुःसीमा, ओकचं झाड, ओढा, गाडीवाट, आणि ‘चंद्रसूर्य असेपर्यंत’. लोरीननं नक्कल घेतली आणि विन्थ्रॉपला फोन लावला. तो वकिलाशी बोलला आणि अजूनच गोड झाला.

“मॅडम, कागद उत्तम आहे. जागा माझी नाही हे मान्य. पण मग मालकाच्या परवानगीशिवाय मी कुणाला तिथे खणू कसं देणार? काउंटीचं दफन-संमतीपत्र असतं ना, तेवढं मालकाच्या सहीनं आणा.”

ट्वायलानं संमतीपत्र काढून दिलं आणि कानांवर हात ठेवले. “नियम म्हणजे नियम गं. मालकाची सही, नाही तर त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची.”

आता देवाचे प्रतिनिधी काय, प्रुएट काउंटीत पैशाला पासरी. लोरीन पहिल्यांदा माउंट तबोर चर्चचा धर्मोपदेशक ब्रदर क्लीटस याच्याकडे गेली. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

“डेल्मरचा बाप्तिस्मा झाला होता का, सिस्टर?”

“पाण्यात बुडवलं नव्हतं. खाणीत दोनदा बुडाला होता. चालेल?”

“मग परमेश्वर त्याला आपल्या भूमीत घेईल असं मी कसं लिहून देऊ? माझ्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे.”

तिथून ती नवजीवन चर्चच्या ब्रदर वेंडेलकडे गेली. तो सही करायला एका पायावर तयार होता. फक्त त्याचं म्हणणं असं पडलं की देवाच्या वतीनं सही करण्याचा अधिकार क्लीटसला नाही हेही त्याच कागदावर लिहून टाकावं. संध्याकाळपर्यंत क्लीटसच्या कानावर हे गेलं आणि त्यानं ट्वायलाला फोन करून सांगितलं की वेंडेलची सही चालवून घेतलीस तर माझ्या चर्चची मतं विसर. ट्वायलानं वेंडेलचं नाव बाद केलं. देवाच्या नावानं इतकी वर्षं जेवणारे दोघे, पण एका गरीब माणसाच्या खड्ड्यासाठी त्याचं नाव वापरायची वेळ आली तेव्हा एकानं हात झटकले आणि दुसऱ्यानं भांडण उकरलं.

शुक्रवारी लोरीन पुन्हा कोर्टहाउसच्या रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा मागे नंबरपट्ट्यांसाठी अर्धं गाव उभं होतं.

“प्रतिनिधी नाही मिळाला. तूच भर कागद, मी सांगते,” ती म्हणाली. “मालकाचं नाव लिही. ऑलमायटी, गॉड.”

“लोरीन, तमाशा नको गं.”

“पुढच्या खणात काय आहे?”

“मालक हयात की मयत,” ट्वायला पुटपुटली.

“मग? टाक खूण. मयत म्हणतेस?”

रांगेतल्या माना पुढे झाल्या. ट्वायलानं लोकांकडे पाहिलं. देव मेला असं सरकारी कागदावर लिहिणाऱ्या बाईला या काउंटीत कुत्र्याचंही मत मिळालं नसतं. तिनं घाईघाईनं खूण केली. “हयात.”

“राहतो कुठे?”

“अगं… सगळीकडे.”

“इथेपण?”

“असं काय विचारतेस? असणारच.”

“असणारच ना? मग त्या खाली ‘मालक समक्ष हजर’ आहे, तिथेही खूण कर.”

ट्वायलाचा पेन हवेत थांबला. “पण सही, लोरीन? सही कोण करणार?”

“ज्याला सही करता येत नाही त्याच्यासाठी काय नियम आहे? माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, तिनं घर कसं विकलं?”

“दोन साक्षीदार,” मागून आवाज आला. तो म्हातारा ओरी गिबसन होता, डेल्मरबरोबर खाणीत काम केलेला. त्यानं टोपी काढली आणि रांगेकडे तोंड केलं. “मी साक्षीदार. देव या खोलीत हजर आहे आणि त्यानं डेल्मरला हरकत घेतलेली मी तरी ऐकली नाही. तो इथे नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. एकाचं नाक खाजत होतं, त्यानंही ते तसंच खाजू दिलं.

“दुसरी साक्षीदार मी,” रांगेतली एक बाई म्हणाली, “पण माझी नंबरपट्टी आधी द्या, माझी गाडी दारात उभी आहे.”

ट्वायलानं शिक्का मारला. इतक्या जोरात मारला की टेबल हललं. मग तोंड वळवून तिनं डोळे टिपले. लोरीनला ते दिसलं, आणि गेले दोन दिवस ट्वायलाविषयी जे जे मनात आलं होतं त्यातलं निम्मं तिनं परत घेतलं.

शनिवारी विन्थ्रॉपनं फाटक स्वतः उघडलं. त्यानं संमतीपत्र दोनदा वाचलं, ‘मालक समक्ष हजर’ या ओळीवर बोट ठेवलं आणि बाजूला सरकला. ओरी आणि खाणीतल्या सोबत्यांनी पेटी खांद्यावर घेतली. गाडीवाटेवर झाडोरा माजला होता, सगळे धापा टाकत होते, फक्त डेल्मरची धाप आता थांबली होती. आईच्या शेजारची माती मऊ निघाली. तिथे उभं राहून लोरीन पहिल्यांदा मनसोक्त रडली.

पेटी खाली गेली तेवढ्यात ब्रदर क्लीटस वाटेनं वर येताना दिसला. काळा कोट, बगलेत बायबल. अर्धी काउंटी जमल्याचं त्यानं खालून पाहिलं असावं. कुंपणाच्या मोडक्या खांबाशी येऊन त्यानं घसा साफ केला.

“सिस्टर, मी दोन शब्द बोलतो. शेवटी ही पवित्र भूमी आहे.”

लोरीननं बाहीनं तोंड पुसलं.

“ब्रदर, दोन दिवस मी ती सूची पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीय. तुमच्या चर्चची जमीन तुमच्या मेहुण्याच्या नावावर आहे. मागची पार्किंगची जागा तुमच्या बायकोच्या. ब्रदर वेंडेलचं चर्च ब्रदर वेंडेलच्याच नावावर. देवाच्या नावावर अख्ख्या काउंटीत एवढा एकच तुकडा आहे, आणि त्यात माझा भाऊ झोपलाय. तुम्हाला इथे यायचं असेल तर मालकाची परवानगी आणा.”

क्लीटस खांबाजवळच थांबला. लोरीननं मूठभर माती उचलली आणि खड्ड्याकडे वळली.