दोघांनी पाहायचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात, कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी माझे टेबल आहे. तुमच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाहून मी थोडा वेगळा. मला डोळा लावायच्या दोन जागा आहेत. समोरासमोर बसून दोन माणसे एकाच वेळी एकच काचपट्टी पाहू शकतात. आत एक छोटा हिरवा बाण आहे. एकाने तो फिरवला की दुसऱ्यालाही दिसतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. प्रोफेसर हारालाम्पींनी मला आगगाडीतून मांडीवर घेऊन इथे आणले. त्यांचे दोन लाडके विद्यार्थी होते, स्तांका बेल्चेवा आणि ओग्न्यान द्रुमेव. एकीकडे ती, दुसरीकडे तो. प्रोफेसर मागे उभे राहून म्हणायचे, "काय दिसतं ते आधी सांगा. काय वाटतं ते नंतर!" दोघे कडाकडा भांडायचे आणि भांडता भांडता बरोबर उत्तराला पोहोचायचे. ते दिवस फार सुखाचे होते.

मग प्रोफेसर वारले. त्यांची जागा स्तांकाला मिळाली. ओग्न्यान रागावून समुद्रकाठच्या वार्ना शहरात निघून गेला. जाताना दारातून म्हणाला, "सांभाळ आता तुझं राज्य!" पुढे दोघेही मोठे डॉक्टर झाले. तिने प्लोवदिवला कर्करोग संशोधकांची राष्ट्रीय संस्था काढली, त्याने वार्नाला काढली. देश एवढासा आणि राष्ट्रीय संस्था दोन! माझ्या एका बाजूला झाकण बसले. त्यावर स्तांकाबाई आपली पर्स अडकवू लागल्या.

वर्षे गेली. देशाच्या सीमा मोकळ्या झाल्या. कर्करोग संशोधनाची एक मोठी आंतरराष्ट्रीय संघटना होती. अनेक देशांच्या संस्था तिच्यात सामील होऊन आपले नमुने एकमेकांना दाखवायच्या, तरुण संशोधकांना एकमेकांकडे शिकायला पाठवायच्या. आमच्या दोन्ही संस्थांनी तिच्याकडे अर्ज केले. उन्हाळ्यात एके दिवशी संघटनेच्या कार्यालयातून फोन आला. एका देशाची एकच संस्था घेतली जाईल. शरद ऋतूतल्या सभेपूर्वी तुमचे काय ते ठरवा.

स्तांकाबाईंनी फोन आपटला. "त्याच्याबरोबर? त्यापेक्षा मी बाजारात मिरच्या विकायला बसेन!"

त्याच उन्हाळ्यात राल्यित्सा नावाच्या लहान मुलीच्या दंडात गाठ आली. तिचे वडील मिल्को ट्रक चालवायचे. स्तांकाबाईंनी गाठ एका प्रकारची सांगितली, वार्नाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे. मिल्कोंनी काय करावे?

एका दुपारी ते धापा टाकत आमच्या खोलीत आले. त्यांच्या मागे ओग्न्यान द्रुमेव! केस पांढरे, सदरा घामाने भिजलेला, काखेत कलिंगड.

"बाई, हे तुमचे डॉक्टर. कलिंगडांबरोबर आणलेत," मिल्को म्हणाले.

"तू? ट्रकमधून?" स्तांकाबाई उभ्याच राहिल्या.

"यानं मला विचार करायला वेळच दिला नाही. आणि हे कलिंगड धरायला लावलं, ते वेगळंच!"

मिल्को हसले नाहीत. "तुम्ही एक सांगता, हे दुसरं सांगतात. पोर माझी एकच आहे हो! तुम्ही दोघं एकदा एका टेबलाशी बसा. मी जिन्यात थांबतो."

दोघे बसले. माझे झाकण निघाले.

"केवढी धूळ ही! पुसत नाहीस का कधी?"

"तुझी बाजू आहे. तूच यायचं होतंस पुसायला."

राल्यित्साच्या गाठीची काचपट्टी माझ्या भिंगाखाली आली. हिरवा बाण इकडून तिकडे धावू लागला. "या गोल पेशी बघ." "बघितल्या. तू आता कडेला बघ. हे कसं बसवशील तुझ्या उत्तरात?" "आणि हे तुझ्या उत्तरात बसतं होय?" आवाज चढले, मग उतरले, मग थांबलेच. मला दोघांचेही डोळे दिसत होते. दोघेही घाबरले होते.

शेवटी स्तांकाबाई म्हणाल्या, "ओग्न्यान, मला नाही कळत."

"मलाही नाही. तू एक म्हणालीस, म्हणून मी दुसरं एवढ्या खात्रीनं म्हणालो."

"असली गाठ तू आजवर किती वेळा पाहिलीस?"

"दोनदा. तू?"

"तीनदा. एवढ्यावरून काय डोंबल कळणार आपल्याला!"

दोघे उठून जिन्यात गेले. "मिल्को, आम्हांला नक्की सांगता येत नाही," स्तांकाबाई म्हणाल्या. "पण विचारायचं कुणाला ते माहीत आहे."

त्याच दिवशी त्या गाठीची आणखी एक काचपट्टी संघटनेच्या तज्ज्ञांकडे रवाना झाली. त्यांच्याकडे कितीतरी देशांतून अशा गाठी जमल्या होत्या. उत्तर आले. गाठ दोघांनी सांगितलेल्या प्रकारांपैकी नव्हती, तिसऱ्याच प्रकारची होती. लगेच उपचार सुरू झाले. तज्ज्ञांनी असेही कळवले, की तुम्ही दोघांनी पूर्वी पाहिलेल्या त्या पाच गाठींचे नमुनेही पाठवा, आम्हांला त्यांतून शिकायचे आहे.

मग दोन्ही संस्था मिळून एकच करायची, म्हणून याच खोलीत सभा भरली. वार्नाचे लोक भिंतीशी, प्लोवदिवचे खिडकीशी. नावात कोणते शहर आधी, यावर जुंपली. शेवटी कोणतेच नको असे ठरले. मग अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला.

"तू हो," स्तांकाबाई ओग्न्यानला म्हणाल्या.

"म्हणजे तू बसणार माझ्या चुका काढत!"

"त्या मी एरवीही काढणारच आहे."

सगळे हसले आणि हात वर झाले. शरद ऋतूत दोघे मिळून परदेशी सभेला गेले. परत आल्यावर स्तांकाबाईंनी चीज भरलेली गरम बानित्सा वाटली आणि म्हणाल्या, "त्यांनी नव्या सभासदांत आपल्या देशाचं नाव वाचलं. एकदाच वाचलं!"

त्यानंतर माझ्याकडे दोन्ही शहरांचे विद्यार्थी आले, परदेशांतलेही आले. माझे फार कौतुक झाले. आता मोठ्या पडद्यांची नवी यंत्रे आली आहेत आणि मी बहुतेक वेळ कापडाखाली असतो. माझी तक्रार नाही. एका पडद्यावर आता पाच देशांतली माणसे एकदम भांडतात. मला ऐकू येते.

गेल्या वसंतात राल्यित्सा आली होती. ती आता मोठी झाली आहे, गाणे शिकवते. काठी टेकत स्तांकाबाईंनी तिच्या गाठीची जुनी काचपट्टी माझ्यावर ठेवली. राल्यित्साने डोळा लावला. मग मान वर करून काचेवरचा तो ठिपका पाहिला. हळूच म्हणाली, "ही गाठ माझ्या स्वप्नात डोंगराएवढी यायची हो. केवढीशी आहे!"

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझे भाऊबंद असतील. त्यांच्या भिंगांना बोटे लावू नका, मऊ कापडाने पुसा. जे दिसेल ते शेजारच्यालाही पाहू द्या. आणि कळले नाही तर 'कळले नाही' म्हणायला लाजू नका. माझ्या टेबलाशी एवढे एकच वाक्य बोलायला दोन शहाण्या माणसांना अर्धे आयुष्य लागले. पाहून झाले की दिवा मात्र आठवणीने विझवा. आम्हा जुन्यांचे दिवे आता बाजारात मिळत नाहीत.