फ्यूज

मोजणीदारांचा त्या गाडीवर इतका जीव होता, की बाई तिला गमतीनं सवत म्हणायच्या. बाटलीसारखा हिरवा रंग, लांबलचक नाक आणि कुणावर तरी डोळे वटारल्यासारखे दोन गोल दिवे. मोजणीदारांच्या वडिलांनी ती घेतली तेव्हा मोजणीदार दुपट्यात होते. पुढे त्यांनी नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाले तरी खिशातली टेप काही सुटली नाही. गाडीचा एकूण एक भाग मोजून त्यांनी एका वहीत उतरवून ठेवला होता. सीटची जमिनीपासूनची उंची, पेडलांमधलं अंतर, सगळं सुतासुताच्या हिशेबानं.

पण गाडीला कोणी मोजणीदारांच्या कंबरेचं माप सांगितलेलं नव्हतं. सीटच्या स्प्रिंगा नेमक्या नको तिथे टोचायच्या. स्टिअरिंग म्हणजे गंजलेला नळ पिळावा तसं. क्लच दाबायला अख्खी मांडी लागायची. रविवारी तासभर फेरी मारली, की सोमवार-मंगळवार गरम पाण्याची पिशवी कंबरेखाली घेऊन पडून राहायचं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "गाडी तरी बदला, नाहीतर कंबर तरी. आणि कंबर बाजारात मिळत नाही."

बाईंच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. तो म्हणाला, "दाजी, आतल्या आत थोडे बदल करू. बाहेरून कळायचंसुद्धा नाही."

"मेहुणेबुवा," मोजणीदार म्हणाले, "वडिलांनी दिली तशीच राहील ती. हात लावाल तर याद राखा!"

आणि त्यांनी गाडीवर कापड टाकलं, किल्ली कपाटात ठेवली आणि विषय मिटवला.

खरं तर मिटला नव्हता. एका दुपारी बाई वाळवणाची दोरी शोधायला शेडमध्ये गेल्या, तर गाडीवरचं कापड एका बाजूनं उचललेलं. मोजणीदार आत बसलेले. इंजिन बंद. एक हात गिअरवर, दुसरा स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि तोंडानं हलकेच "घुर्र... घुर्र" चाललेलं. दोरीचा नाद सोडून बाई पाऊल न वाजवता मागे फिरल्या आणि भावाला फोन लावला.

"ह्यांच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. हे दहा दिवस तिकडे जाणार. तू पाने-हातोडे काढून ठेव."

"ताई, दाजी मला उभा चिरतील."

"आधी मला चिरतील. तू रांगेत मागे आहेस."

मोजणीदार गेले त्याच संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये पोहोचली. बाईंनी तीस वर्षं शिवणवर्ग चालवला होता. सीट त्यांनी स्वतःकडे घेतली. जुनं चामडं एकेक टाका उसवून काढलं, स्प्रिंगा बाहेर काढल्या, आत तीन जातींचा फोम थरावर थर रचला आणि माकडहाडापाशी बेताचा खोलगट भाग ठेवला. मग त्याच जुन्या भोकांतून, त्याच जाडीच्या दोऱ्यानं पुन्हा टाके घातले. एकही नवं भोक पाडायचं नाही, असा त्यांचा स्वतःलाच दंडक होता.

खरी अडचण उंचीची. नव्या सीटवर माणूस किती दबतो, हे जुन्याशी जुळायला हवं.

"मी बसून बघू?" भावानं विचारलं.

"तू बसलास तर सीट राहू दे, गाडीच खाली जाईल."

मग रंगाचे डबे तोलून मोजणीदारांइतकं वजन केलं, ते सीटवर रचलं आणि नवऱ्याचीच वही उघडून उंची पडताळली. दोन सूत जास्त भरली. बाईंनी सगळी सीट पुन्हा उसवली.

इकडे भावानं एका ठोकर लागलेल्या छोट्या गाडीतली स्टिअरिंगची विजेची मोटर काढून डॅशबोर्डच्या आत अशी दडवली, की वाकून बघितल्याशिवाय दिसू नये. क्लचचा दांडाही लांब करून हलका केला. दहाव्या दिवशी गाडी शेडमध्ये, कापड गाडीवर, किल्ली कपाटात. बाई पोथीतल्या सतीसारखा चेहरा करून दारात उभ्या.

मोजणीदारांना राहवलं नाही. "इंजिन बसून खराब होतं, नुसतं सुरू करून बघतो," म्हणाले. मग "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो," म्हणाले. आले ते सव्वा तासानं, आणि गाडीतून उतरले ते ताठ.

"बघितलंस?" ते छाती काढून म्हणाले. "बहिणीकडे दहा दिवस रोज पहाटे व्यायाम केला! स्टिअरिंग कसं लोण्यासारखं फिरतंय. मनगटात ताकद पाहिजे, ताकद!"

"तरीच चेहऱ्यावर तेज आलंय," बाई म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाल्या.

इथवर ठीक होतं. पण मोजणीदार व्यायामाचे गुरूच होऊन बसले. बागेत सहा निवृत्तांना ओळीनं उभं करून मनगटं फिरवायला लावू लागले. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगून आले, की तुमच्या गोळ्या तुम्हीच घ्या. एकदा तर निवृत्त बसड्रायव्हरशी त्यांनी पंजा लावला. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांचा हात टेबलावर आपटला. "घामानं निसटला," ते म्हणाले, आणि बसड्रायव्हर कोरडा पंजा बघत राहिला. भाऊ ही हकिगत ऐकून गाडीखाली झोपूनच हसला, कारण उभं राहून हसणं त्याला शक्य नव्हतं.

दोन महिने असे मजेत गेले. मग एका सकाळी दोघं भाजीला निघाले असताना, ऐन बाजाराच्या वळणावर डॅशबोर्डमध्ये 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि स्टिअरिंग दगड झालं.

मोजणीदारांनी जोर लावला. हलेना. पुन्हा लावला. मागे टेम्पोवाला हॉर्न बडवू लागला, त्याच्या मागे रिक्षा, त्याच्या मागे सगळा बाजार. मोजणीदारांनी स्टिअरिंग सोडलं आणि आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले.

"अगं," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माझ्या हातातली ताकद गेली. एकदम गेली. काहीतरी झालंय मला."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंनी एरवी आणखी वर्षभर मजा बघितली असती, पण तो चेहरा त्यांना बघवेना.

"काही झालेलं नाही तुम्हाला. गाडी बंद करा आणि पाय बाजूला घ्या."

त्यांनी पर्समधून टॉर्च आणि भावानं अडीअडचणीला दिलेला लहानसा डबा काढला, पदर खोचला आणि त्या सरळ डॅशबोर्डखाली शिरल्या. बाजाराला फक्त दोन चपला आणि साडीचा काठ दिसत होता. आतून आवाज आला, "टॉर्च धरा जरा. डावीकडे... माझ्या डोळ्यांत नको हो!" जळका फ्यूज निघाला, नवा बसला. बाई केस सावरत वर आल्या. "लावा आता."

गाडी सुरू झाली. मोजणीदारांनी एका बोटानं स्टिअरिंग फिरवलं. मग त्या बोटाकडे बघितलं, मग बायकोकडे.

दुपारभर ते टेप आणि वही घेऊन शेडमध्ये होते. बाई ओट्याशी उभ्या राहून स्फोटाची वाट बघत होत्या. चहाच्या वेळी ते आत आले.

"सीट उसवली होतीस?"

"दोनदा."

"भोकं जुनीच आहेत."

"जुनीच."

"उंचीत अर्ध्या सुताचाही फरक नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडेना. मग एकदम त्यांना पंजा आठवला असावा. "म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं?"

"नाही हो. मला, भावाला आणि डॉक्टरीणबाईंना. बसड्रायव्हरना संशय आहे."

मोजणीदार चहा पिऊन रुसून बसले. "एवढी हलकी झालीय ना, मग तूच चालव," म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवली. आजवर 'तुझ्या हातांना झेपायची नाही' म्हणून त्यांनी ती बायकोला कधी दिली नव्हती. आत्ताही टोमणाच मारला होता.

बाईंनी किल्ली उचलली आणि चपला घातल्या.

"अगं, मी आपलं रागानं..."

"येताय, की मी एकटीच जाऊ?"

मोजणीदार धावतपळत शेजारच्या सीटवर येऊन बसले. पहिल्या दिवशी गाडी चार वेळा बंद पडली, दुसऱ्या दिवशी दोन वेळा, आठवड्यानं एकदाही नाही. आता रविवारची फेरी बाई मारतात, एका हातानं, गाणं गुणगुणत. मोजणीदार शेजारी बसून 'गिअर... ब्रेक... सावकाश' करत असतात. त्या बाजूच्या सीटला मात्र कोणी हात लावलेला नव्हता. तिसऱ्या रविवारी ते कंबर धरून उतरले आणि जरा वेळ इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले,

"मेहुणेबुवांकडे तो फोम उरलाय का गं थोडा?"

"विचारते," बाई म्हणाल्या, आणि विचारायला त्यांनी मुद्दाम पुढचे दोन रविवार घेतले.