डाव्या दांड्याचा तिसरा खांदा

गावाची राखण करणाऱ्या संत रोझालियाच्या पालखीच्या डाव्या दांड्यावरचा तिसरा खांदा सावेरिओकाकांच्या घरचा. आज्याकडून बापाला, बापाकडून त्यांना आलेला. पालेर्मोतल्या आमच्या गल्लीत घरं विकली जातात, खांदा विकला जात नाही. थकलेल्या भोयानं चारचौघांत आपली दांड्याखालची कापडी गादी ज्याच्या खांद्यावर ठेवावी, तो पुढचा भोई.

काकांना मूलबाळ नव्हतं. पायांनी दगा दिल्यापासून त्यांना उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं नवरत्नम करायचा. हा जाफन्याचा तमिळ, आईच्या कडेवर बसून या गावात आलेला. आई दर रविवारी अनवाणी डोंगर चढून रोझालियाला मोगरा वाहायची. आपल्या अम्मनदेवीचीच ही बहीण, म्हणायची. गादी तुलाच देणार, असं काका हिवाळाभर नवरत्नमला सांगत आले. कुबडी त्याच्या खांद्यावर दांड्यासारखी ठेवून त्यांनी त्याला पालखीची चालही शिकवली.

उत्सवाच्या दिवशी दूर उत्तरेतल्या तोरिनोहून त्यांचा पुतण्या दावीदे उतरला. आजारपणात एकदाही न फिरकलेला. भोयांचा म्होरक्या काकांच्या कानाशी लागला. नवरत्नम भोयांसारखा पांढरा सदरा घालून खुर्चीशेजारी उभा होता. काकांनी गादीवरून हात फिरवला आणि ती पुतण्याच्या खांद्यावर ठेवली.

"रक्त ते रक्त रे," ते खाली बघत म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. चल, खुर्ची ढकल. पालखी समुद्राला भिडताना बघायचीय मला."

पाद्र्यांनी कर्ण्यावरून सांगितलं, रोझालिया सगळ्यांची, आपल्या तमिळ भावंडांचीही. टाळ्या पडल्या.

दुसऱ्याच वळणावर दावीदे खांदा चोळत बाहेर पडला आणि लसणात परतलेल्या गोगलगायी विकणाऱ्याच्या गाड्यापाशी जाऊन बसला. पालखी डावीकडे कलली. म्होरक्यानं नवरत्नमकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि भोयांना जवळ सरकायला सांगितलं. तिरकी तर तिरकी, पालखी पुढं निघाली.

काका रडकुंडीला आले. "जा रे, लाग दांड्याला. मी सांगतो त्यांना."

"औषधाची वेळ झाली, काका."

"आज राहू दे औषध. समुद्र हा काय इथं."

नवरत्नमनं खुर्ची वळवली आणि चढावरनं घराकडे ढकलायला सुरुवात केली. काका आधी शिव्या देत होते, मग विनवत होते, मान मोडेस्तोवर मागं बघत होते. वाटेत ऊन लागलं तशी त्यानं त्यांच्या डोक्यावर टोपी नीट बसवली. थांबला मात्र नाही.