बाचा बाप्तिस्मा

अंकिरा शहराच्या रस्त्यावर आमचा सरकारी टप्पा आहे. बादशहाचा परवाना दाखवील त्याला जेवण, ताजी खेचरं आणि गाडी द्यायची. पूर्वी सैन्याचे सरदार यायचे, जेवायचे, मुकाट्याने जायचे. हल्ली येतात ते बिशप. देवाचा पुत्र पित्याच्या बरोबरीचा की पायरीभर खाली, हे ठरवायला दर दोन महिन्यांनी कुठे ना कुठे धर्मसभा भरते. जाताना भांडतात, येताना जास्त भांडतात, आणि मरतात ती खेचरं. यंदा सात मेली.

माझा बा, गॉर्डिओस, चाळीस वर्षं हा टप्पा सांभाळत होता आणि चाळीस वर्षं बाप्तिस्मा पुढे ढकलत होता. आमच्याकडे सगळेच ढकलतात. त्या पाण्याने जन्मभराचं पाप धुतलं जातं, पण एकदाच. मग आधी धुऊन पुन्हा मळायचं कशाला? बा तर सरकारी जवात भुसा मिसळायचा. म्हणायचा, धंदा सुटला की धुऊन घेईन. धंदा सुटला तो अंथरूण धरल्यावरच. आणि गावचा पाद्री धर्मसभेला गेलेला, आमचीच चार खेचरं घेऊन! बा भिंतीकडे तोंड करून रडायचा, नरकाच्या आगीची भीती वाटते म्हणायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

अशात एका दुपारी एक सोडून दोन बिशप आले. बरोबरीवाला हिप्सिस्तिओस, आणि पायरीवाला थालोस. मी म्हटलं, देवच पावला. जेवणं उरकू दिली, मग पाया पडून दोघांना बाच्या खाटेशी नेलं, पाण्याचं भांडं हाती दिलं.

हिप्सिस्तिओस म्हणाला, आधी म्हाताऱ्याने कबूल करावं की पुत्र बरोबरीचा आहे. बा म्हणाला, आहे. थालोस म्हणाला, मग हा बाप्तिस्मा कसला. पायरीभर खाली म्हण. बा म्हणाला, खाली आहे. बिचारा घाईत होता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत झाली. दोघांनी भांड्याला हात घातला, ओढाओढीत निम्मं पाणी माझ्या पायांवर सांडलं. तेवढ्यात मोतद्दाराने अंगणातून हाक दिली, गाडी जोडलीय, पण एकच आहे. उशिरा पोचलो तर सभेत आपली बाजू पडेल, या धास्तीने दोघे पळाले. एक दुसऱ्याला पुढे जाऊ देईना, म्हणून एकाच गाडीत कोंबून बसले. भांडणाचा आवाज वळणापर्यंत येत होता.

बाचा श्वास अडकायला लागला. भांड्यात तळाशी पाणी होतं. बाईने हे करायचं नसतं, मला माहीत आहे. मी भांडं उचललं.

बाने डोळे उघडले. "अम्मिया, तू कुठल्या बाजूची गं?"

"तुझ्या," मी म्हटलं, आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेऊन पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. बा हसला. दिवस कलायच्या आत गेला.

तीन आठवड्यांनी दोघे परत आले. सभेत काही ठरलं नव्हतं. पुढची सभा ठरली होती. जेवताना म्हाताऱ्याची चौकशी केली, तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. दोघे एका सुरात म्हणाले, बाईच्या हातचं पाणी म्हणजे नुसती आंघोळ, तो बाप्तिस्मा नव्हेच. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं असावं. इतके खूश झाले की एकमेकांना चीज वाढायला लागले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मीही टप्प्यावर वाढलेली पोर. कुठल्या खेचराला कुठे टोचायचं ते मला कळतं. मी एकट्या थालोसकडे वळले.

"मग महाराज, माझा बा आत्ता कुठे असेल?"

"नरकात," ऑलिव्हची बी थुंकत थालोस म्हणाला.

हिप्सिस्तिओसच्या हातातला घास हातातच राहिला. "साफ चूक. म्हातारा स्वर्गात आहे."

आणि गाडी जोडून होईपर्यंत त्याने ते शास्त्राच्या आधारे सिद्ध केलं. बाने मरताना नाव ऐकलं होतं, श्रद्धा होती, ओतणारा हात कुणाचा हे देव बघत नाही. थालोस ओरडत राहिला, हा हटला नाही. मी एकेक शब्द कान देऊन ऐकला. मग हिप्सिस्तिओसला आणखी चीज वाढलं, आणि तबेल्यामागे जाऊन पोटभर रडले.