गौरम्माच्या डोक्यावरचा पत्रा

मी पत्रा बोलतोय. आत्ताच कानात बोटं घालू नका, वारा अजून सुटलेला नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर निलंग्याकडच्या एका गावात मी मदतीच्या ट्रकमधून उतरलो. गौरम्माचं दगडामातीचं घर बसलं होतं, नवरा त्याखालीच गेला होता. दगड जीव घेतो, पत्रा घेत नाही, असं तेव्हा सगळं गाव म्हणायचं. मी फुगलो! उन्हाळ्यात तव्यासारखा तापायचो, गारा पडल्या की ताशा बडवायचो, आळीभर कुणाला झोपू द्यायचो नाही. लई मजा.

पुढं तिचा मुलगा रविकिरण लातूरला आला. शिकवणीच्या पोरापोरींनी गल्ल्या भरल्या, तसे त्यानं तिथल्या घरावर दोन मजले चढवले, मुलींचं होस्टेल काढलं. आई, त्याची अव्वा, स्लॅबखाली निजणार नाही म्हणून मला ट्रॅक्टरात घालून आणलं, परसात शेड ठोकली. पोरींच्या डोक्यावर स्लॅब, मालकाच्या आईच्या डोक्यावर मी. सांगा, कोण मोठा?

मागच्या उन्हाळ्यात गौरम्मा शेडच्या दारात पडली. मांडीचं हाड जोडून तिला घरी आणलं आणि पंचायत माझ्याखालीच बसली.

"अव्वाला मागच्या खोलीत नेऊ, एसी लावू," रविकिरण म्हणाला. "आईला पत्र्याखाली ठेवलंय म्हणून लोक मला नावं ठेवायलेत."

"पप्पा, अज्जी भूकंपाला भ्यायलेली हाय," नात शिवकन्या तडकली. "तिला पत्राच पायजे. एवढं बी कळत न्हाई?"

"आंघोळीचं माझ्याकडं," सून म्हणाली.

तेवढ्यात वावटळ आली. मी शिवकन्येच्या बाजूनं दणदण वाजून घेतलं.

गौरम्मा बाजेवर पडून होती. तिला बघायला शेजारची कमरुन्निसा आली होती, तिच्याच वयाची, तोंडानं फटकळ. "काय रे रवी, म्हैस इकायलास का? दोन्हीकडनं बोली चाललीय. आरं, हिला तर इचारा!"

रविकिरण खाली बसला. "अव्वा, तू सांग."

गौरम्मानं वेळ घेतला. शिवकन्या मधेच बोलायला गेली, तर कमरुन्निसानं तिचा हात दाबला.

"मला पुढली खोली पायजे. रस्त्याची. पोरी येता-जाता दिसत्यात. दाराला आतनं कडी घालायची न्हाई, पळायला वाट पायजे. आंघोळ सूनबाईनं घालायची न्हाई. तिलाबी लाज, मलाबी लाज. बाई ठेवा. कोणती, ते मी बघीन."

"अन् पत्रा?" शिवकन्येनं विचारलं.

"भ्याले हुते पोरी, दोन-चार वर्सं. मग भ्या गेलं, दार उघडं आसलं की झालं. पण शेड तर उभी हुती. लई तापतो गं ह्यो. कान किटले माझे."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणी इचारलं?"

रविकिरणनं आईचे पाय धरले, त्याला वर बघवेना. आणि मी? हिला राखतोय म्हणून इतकी वर्षं मिरवलो, अन् हिला भाजत होतो. शिवकन्येसारखी शहाणी पोर चुकली, तर माझ्यासारख्या अडाण्याचं काय? असं म्हणून बघितलं. शरम काही हटली नाही.

आता मी पोरींच्या सायकलींवर आडवा आहे. गंज चढलाय. बरंच झालं, तोंड झाकतं. बाबांनो, घरात कुणी थकलेलं असेल तर त्याच्या मनातलं आपल्याला ठाऊक आहे म्हणून छाती ठोकू नका. विचारा. उत्तराला वेळ लागतो, तेवढा वेळ तोंड मिटून बसा.

संध्याकाळी गौरम्मा काठी टेकत माझ्यासमोरून जाते. तिनं निवडलेली बाई दोन पावलं मागं. गौरम्मा एकदाही वर बघत नाही.

बघूही नये.