भावजी समुद्रात उतरतात

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझी कवळी समुद्रात फेकून द्या.

तर आमचे भावजी, माझे धाकटे दीर, सकाळी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पाणबुड्यांचा मास्क.

"वहिनी, जरा मिशी कापता का?"

माझ्या हातातलं उलथनंच पडलं. ती मिशी साधी नव्हे. एकदा त्यांना शिंक आली तेव्हा तिच्यातून चिमणी उडाली होती, या डोळ्यांनी पाहिलंय. आणि तिला कात्री लावायचा हक्क एकट्या माझ्या जावेचा. ती गेल्यापासून मिशीचं नुसतं रान झालेलं.

भावजींनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. माणूस मुळातच अबोल. घरात दोघांच्या वाटचं माझी जाऊच बोलायची. आता त्या घरात आवाज येतो तो फक्त फ्रिजचा.

"हे काय नवीन?"

"स्कूबा शिकतोय."

"या वयात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डॉक्टरनी तपासलंय. सगळं ठीक म्हणाले."

"डोकं तपासलं का, ते विचारतेय मी!"

भावजी बराच वेळ मास्कचा पट्टा ओढत राहिले. मग हळूच म्हणाले, "खाली कुणीच बोलत नाही, वहिनी. मग मी एकटाच गप्प, असं वाटत नाही."

घेतली मी कात्री. मास्कच्या कडेखाली केस आले की पाणी आत शिरतं म्हणे. म्हणून नाकाखालची बारीकशी पट्टी तेवढी कापली. त्याखाली हात लावू देईनात. "राहू दे. तिची आहे ती."

शिकवणी पोहण्याच्या तलावात. शिकवणारी म्हणजे कालची पोर, पण भारी कडक. श्वास कधी रोखायचा नाही आणि एकट्यानं कधी उतरायचं नाही, हा तिचा पहिला धडा. प्रत्येकाला एक जोडीदार. भावजींच्या वाट्याला बँकेतली एक कॅशिअर आली, तोंडाची टकळी अखंड चालू. पाण्यात उतरण्याआधी जोडीदारांनी एकमेकांचं सामान तपासायचं. जॅकेटमध्ये हवा भरते का, वजनाचा पट्टा नीट आहे का, सिलिंडर उघडलाय का. मग अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा. म्हणजे ठीक. समोरच्यानंही तसाच गोल करून दाखवायचा.

"तिनं माझं बकल ओढून पाहिलं," भावजी सांगायचे. "म्हणाली, काका, सैल आहे. मग घट्ट करून दिलं."

एवढंच. पण हे एवढंसं मला पुन्हापुन्हा सांगायचे.

मास्कच्या काचेला आतून थुंकी लावायची, म्हणजे ती धुरकट होत नाही, हेही सांगितलं. मी म्हटलं, "शी! मग माझ्या चष्म्यालाही लावून द्या." तेव्हा हसले. जाऊ गेल्यापासून पहिल्यांदा.

शेवटची परीक्षा समुद्रात. तळाशी बसून मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकून बाहेर काढायचं. भावजी पास! एक मासा म्हणे मिशीला बिलगला तो सोडेचना. पास झाल्यावर मिळालेल्या कार्डावरच्या फोटोत मिशीनं नाकाशी भांडण केल्यासारखं दिसतं.

मग कॅशिअरची बदली झाली. लांब कुठेतरी.

पण भावजींचा रविवार चुकत नाही. पहाटे सामानाची पिशवी घेऊन किनाऱ्यावर जातात, दुपारी ती माझ्याकडे आणतात. पिशवी अंगणभर ठिबकत येते. खाऱ्या पाण्यानं रबर खराब होतं, म्हणून माझ्या नळाखाली सूट, मास्क, पायातले पंखे, सगळं गोड्या पाण्यानं धुतात आणि दोरीवर टाकतात.

"काय दिसलं आज?" मी विचारते.

"कासव. ह्या परातीएवढं."

"एवढंच?"

"बरं, दोन पराती."

हा मुखदुर्बळ माणूस थापा मारायला कुणाकडून शिकला, देव जाणे!

निघताना फाटकाशी थांबतात. वळून बोटांचा गोल करतात. माझे हात पिठाचे असले तरी मीही गोल करते. त्याशिवाय पाऊल उचलत नाहीत.

सगळं खरं आहे हो. चिमणीसुद्धा.

फक्त पिशवी ठिबकते म्हटलं ना, तेवढं माझ्या पदरचं. जोडीदाराशिवाय एकट्या माणसाला होडीवाला समुद्रात नेत नाही. पिशवी येते ती कोरडीच. ओली होते माझ्या नळाखाली.