बाशिंगाची अंबाडी

खुशालरावाला लाज म्हणून उरली नव्हती, असं मनकर्णाबाईचं म्हणणं होतं, आणि सकाळपासून ती ते गोठ्यातल्या बैलांनाही ऐकवत होती. धाकटा दीर, तिच्याच हातचा घास खाऊन वाढलेला. डोहात भिजवून, सोलून, वळचणीला वाळत टाकलेली तिची अंबाडी त्यानं न विचारता उचलली, दोर वळले आणि कापसाच्या बोज्यांना आवळले.

त्या अंबाडीचा कागद व्हायचा होता. चुन्याच्या पाण्यात मुरवायची, उखळात लोण्यासारखी कुटायची, लगदा चाळणीवर उचलून भिंतीला थापायचा. त्या कागदाचं बाशिंग गावातल्या हरेक नवरानवरीच्या कपाळी चढे. विकतचं कोणी बांधलं नव्हतं. आता पाळी शेजारच्या मैनाबाईच्या जमुनेची. बिनबापाची पोर, लग्न तोंडावर आलेलं.

"दुसरी अंबाडी पाह्य ना, वैनी," गाडी जुंपता जुंपता खुशालराव म्हणाला. "कापूस सोन्याच्या भावानं चालला. आज अमरावतीचा बाजार हुकला त मी बुडालो."

"दुसरी कुठची? वावराच्या धुऱ्यावरची उपटून तिथंबी कापसाची पऱ्हाटीच लावली ना तू?"

"मंग चिंध्या बांधा. पोरीले काय समजते?"

"तुह्याच लग्नात बांधाले पाह्यजे होत्या."

शेजारच्या बायका पदराआड हसल्या. मनकर्णाबाई घरात गेली. वैनी निवली, असं खुशालरावाला वाटलं. ती बाहेर आली ती विळा घेऊन.

दोर कुटूनही कागद होतो, हे तिला सासूनं शिकवलं होतं. हे तर कालचेच वळलेले. चाकावर पाय देऊन ती गाडीत चढली आणि एकेक दोर कापत गेली. बोजे फुटले, कापूस अंगणभर पसरला, खुशालरावाच्या पागोट्यावर बसला. बैल खुशाल कापसातली सरकी चघळू लागला.

"वैनी, बाजार गेला ना माह्या," तो मटकन खाली बसला.

तिनं दोर पदरात गोळा केले आणि त्याच्यासमोर उखळाशी टाकले.

"बाजार पुढच्या हप्त्यात भरते. जमुनेचं लगन एकदाच हाय. तुह्या कपाळाले म्या माह्या हातचं बाशिंग बांधलं, तवा तू चार लोकात मानूस दिसला, अन् तूच दुसऱ्याच्या पोरीचं इकाले निघाला. आता मुसळ धर. लोनी होईस्तोवर कुटशीन. नाही त त्या मांडवात तुह्यं पान मी वाढू देनार नाही."